गुरुवारची ग्रामसभा

उंबरओढे
५ ऑक्टोबर १९७८

प्रिय जोतीस,
सरूअक्काचा सप्रेम जयभीम.

हे पत्र खंडूच्या हाती देतेय. त्यो रतीब घालायला रोज पिंपरीला जातो, तवा संत तुकाराम नगरात तुझ्या दारात टाकंल. टपालानं धाडलं न्हाई, कारन आपल्या गावचं टपाल बबनरावाच्या दुकानात उतरतं, आन् बबनराव म्हंजी यशवंतराव सरपंचाचा सख्खा मेव्हना. पाकिटाला निदान डिंक तरी असतो, कार्डाला कायबी न्हाई. मागं तू कार्डावर मूळव्याधीचं लिवलंस, ते मला कळायच्या आधी इहिरीवर कळलं. बाया मलाच इचारत्यात, आता भावाला बसाया येतं का म्हनून. तवा पुन्यांदा कार्डावर कामाचं कायबी लिवू नकोस.

आता मुद्द्याचं. घरपट्टीची नवी यादी चावडीवर लागली. चार वर्सं झाली नव्हं का. आपलं घर परत ‘पक्कं’ लिवलंय. का, तर वर पत्रा हाय. चार भिंती कुडाच्या, पन पत्रा दिसला की पट्टी दुप्पट. सगळ्या वस्तीचं तसंच केलंय, आन् मराठ्यांच्यातल्या गरिबांचंबी. आन् यशवंतरावाची दोन मजल्यांची माडी मागच्यासारखीच ‘गुरांचा गोठा’ म्हनून लावलीय. मी सोता वाचलं, बोट ठिवून.

यादी २० नोव्हेंबरपातूर लागल्याली ऱ्हानार. त्याच्याम्होरं, महिना सरायच्या आत, ग्रामसभा घिऊन हात वर करून मतं घ्यायची. तालुक्याचं विस्तार अधिकारी आपल्या बाजूला दोनच वार देत्यात, गुरुवार न्हाई तर रविवार. त्यातला कोनता धरायचा ते सरपंचानं ठरवायचं. मागच्या खेपंला त्यानं रविवार धरला. ‘सुट्टीचा वार हाय, समदी घरी असत्यात’ असं सायबाला सांगितलं. सायब तालुक्याचा, त्याला काय ठावं की आपल्या कारखान्यांच्या पट्ट्याला सुट्टी गुरुवारची असती. पन यशवंतरावाला चांगलं ठावं व्हतं. गावची साठ-सत्तर तरनी मानसं मशिनीवर, आन् सभंला त्याची भावकी आन् आमी चार म्हाताऱ्या-कोताऱ्या. ठराव पास. आता बी रविवारच धरंल, लिहून ठिव. सहा जनांनी येत्या महिन्यातल्या रविवारची रजा मागून बघितली, सुपरवायझर म्हनला, तुमच्या आख्ख्या गावाचं लगीन हाय का.

जोती, माझ्या डोळ्यापुढनं त्यो दिस हालत न्हाई. तुझ्या पहिल्या बोनसचा, पुन्याच्या तांबट आळीतनं आनल्याला तांब्याचा हंडा. त्याच्यावर आईचं नाव कोरल्यालं. तिला वाचाया येत नव्हतं, पन सांजच्याला हंडा घासला की नावावरनं बोट फिरवायची आन् म्हनायची, ह्यो मी हाय. दुप्पट पट्टी भरली न्हाई म्हनून यशवंतराव सोता दारात आला, शिपायाच्या हाती बी दिला न्हाई, सोताच्या हातानं हंडा उचलला. आई म्हनली, दादा, निदान पावती तरी द्या. तर म्हनला, “तुला वाचाया येतं का सोजरे? मंग पावती काय चुलीत घालायचीय?” समदी मानसं हासली. आई पन हासली, जोती. लाजंनं हासली. त्येच मला खातंय.

लिलावात वस्तीतला हंडा कुनी घेतला न्हाई. मग त्यो चावडीच्या परसात पडला, आन् आता यशवंतरावाची म्हस त्यात पानी पिती. आई दोन वर्सं जाता-येता मान खाली घालून चावडीवरनं गेली, आन् मग कायमची गेली. मला पैशाचं कायबी न्हाई. मला यशवंतरावाची जिरवायचीय, आन् ती बी चारचौघांत. तुझ्या डोक्यात काय असंल तर कळव.

तुझी,
सरूअक्का


संत तुकाराम नगर, पिंपरी
१२ ऑक्टोबर १९७८

आदरणीय अक्कास,
जोतीचा सविनय जयभीम.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं, मग तसंच खिशात घालून ड्युटीवर गेलो. आज गुरुवार, अख्खा पट्टा बंद, पण आम्ही मेंटेनन्सवाले सुट्टीच्याच दिवशी राबतो. बंद पडलेल्या मशीनखाली उताणा पडून बोल्ट आवळत होतो आणि आई लाजून हसली हे वाक्य डोक्यात फिरत होतं. तू हे मला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. हंडा नेला एवढंच सांगितलं होतंस. पावतीचं सांगितलं नव्हतंस.

माझं मत तिथं नाही. रेशनकार्डासाठी नाव इकडं आणलं, गावच्या यादीतून गेलं. म्हणजे हात तुलाच वर करावा लागणार. तू एकच काम कर. माडीला गोठा लावलाय, अशी हरकत लिहून दे. चावडीवर देऊ नकोस, तिथं ती म्हशीच्या वैरणीत जाईल. तालुक्याला जाऊन साहेबांच्याच हातात दे आणि पोच घे. पोच घेतल्याशिवाय खुर्चीसमोरून हलू नकोस.

त्यापुढं तोंड बंद. बबनरावाच्या दुकानात गेलीस तरी मीठ-मिरची घेऊन परत ये. यशवंतराव समोर आला तर पदर सावरून बाजूला हो. मला माहीत आहे, तुला हे जमणं अवघड आहे. तरी जमव.

बाकीचं माझ्यावर सोड.

तुझा,
जोती


(पोस्टकार्ड)

पिंपरी, ४ नोव्हेंबर १९७८

ती. अक्कास,
स. जयभीम. इकडं सर्व खुशाल. कळवण्यास वाईट वाटतं की विजेच्या तुटवड्यामुळं पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी बदलली. २० तारखेपासून गुरुवारची सुट्टी बंद, रविवारची सुरू. म्हणजे आता गुरुवारी सगळ्यांना कामावर यावंच लागणार. पहिल्या महिन्यात गुरुवारची रजा कुणालाही नाही, दांडी मारली तर नोटीस. सभा रविवारी झाली तर आपले सगळे येतील, तेवढं बरं झालं. देव करो आणि सरपंच रविवारच धरो. तब्येतीला जप.

जोतीराम


(पोस्टकार्ड)

उंबरओढे, ९ नोव्हेंबर १९७८

जोती,
तुझं कार्ड मिळालं. म्हंजी मला मिळायच्या आधी ज्याला मिळायचं त्याला मिळालं. तुला काय सांगितलं व्हतं मी? कार्डावर कामाचं लिवू नकोस म्हनून बजावलं, तर सुट्टीची आख्खी दवंडी कार्डावरच पिटलीस, वर सरपंचानं रविवार धरावा हे बी लिवलंस. आता कशाला धरतोय त्यो रविवार? कंपनीच्या त्येलानं तुझ्या डोक्याला गंज चढलाय. तुमच्या पट्ट्यात कामाला जानाऱ्या भिवाला इचारलं तर त्यो बी म्हनला, व्हय, सुट्टी बदलली, आमचं नशीबच फुटकं. खंडूची सायकल मोडलीय म्हनून मी बी कार्डच टाकते. वाचू दे कुनाला वाचायचं ते. आता लपवायला ऱ्हायलंय काय. ‘माझ्यावर सोड’ म्हनला व्हतास. सोडलं, आन् तू बुडवलंस. आईचं नाव माझ्याम्होरं काढू नकोस.

सरू


पिंपरी
१७ नोव्हेंबर १९७८

आदरणीय अक्कास,
स. जयभीम.

खंडूची सायकल मीच दुरुस्त करून दिली, तेव्हा हे पत्र त्याच्याच हाती येतंय. आधी बसून घे. दार लावून घे. आणि शिव्या द्यायच्या त्या शेवटपर्यंत वाचून मग दे.

सुट्टी बदललेली नाही. पट्टा गुरुवारीच बंद राहणार, या महिन्यातही आणि पुढच्याही. ते कार्ड मी तुला लिहिलंच नव्हतं. ते बबनरावाला लिहिलं होतं, पत्ता फक्त तुझा घातला.

भिवाला आणि गावच्या बाकीच्या पोरांना मी गेटवर गाठून सांगितलं होतं, की कुणीही विचारलं तर कपाळाला हात लावायचा. अक्कानं विचारलं तरी. तुला न सांगण्याचं कारण एकच, तुला नाटक येत नाही. तुझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं, आणि तो माणूस तोंडं वाचण्यात पटाईत आहे. तू खरीच चिडायला हवी होतीस. पण तू चिडून उलट कार्डच टाकशील हे माझ्या डोक्यातही नव्हतं. भिवा सांगतो, तुझं कार्ड बबनरावानं दुपारी वाचलं आणि संध्याकाळी सरपंचानं तालुक्याला माणूस पाठवला. बुधवारी दवंडी झाली, सभा गुरुवारी, २३ तारखेला, सकाळी अकराला. त्यानं स्वतःच्या तोंडानं गुरुवार मागून घेतलाय. नोटीस लागली, साहेबांची सही झाली, आता त्याला वार बदलता येत नाही.

आता नीट ऐक. त्या दिवशी पहिल्या पाळीची पोरं नेहमीसारखी पहाटे डबे घेऊन सायकलींवर निघतील. सरपंच ओट्यावर दात घासत बघत असतो, त्याला ती जाताना दिसली पाहिजेत. तळवड्याच्या पुढं आंबराईत ती थांबतील. साहेब येऊन खुर्चीवर बसले, वही उघडली, की भिवाचा भाऊ इशारा करील आणि सगळी परत फिरतील. तोवर तू रडक्या तोंडानं ओट्याच्या कडेला बसून राहा. जिंकलो तरी कार्डाचं कुणापाशी बोलू नकोस, यशवंतरावापाशी तर मुळीच नाही. चार वर्षांनी परत यादी येणार आहे. हे हत्यार पुन्हा लागेल.

मी त्या दिवशी मशीनखालीच असेन. तुझा हात वर गेला, की मला इथं कळेल असं वाटतंय.

माफ कर. तुला फसवल्याचं वाईट वाटलं, बाकी कशाचंच नाही.

तुझा,
जोती


उंबरओढे
२४ नोव्हेंबर १९७८

प्रिय जोतीस,
तुझ्या अक्काचा हजार वेळा जयभीम.

तुझं पत्र वाचून आदी रडले, मग इतकी हासले की शेजारची सुमनताई म्हनली, हिला लागिर झालं. मला फसवलंस म्हनून तुझी कानशिलं लाल करायची हायेत, ते उधारीवर ठिवते. कालचं ऐक.

पहाटं पोरं डबे लावून घंट्या वाजवत गेली. यशवंतराव ओट्यावर मिश्री लावत व्हता. भिवा त्याच्याम्होरनं जाताना म्हनला, काय करता तात्या, आजच सभा ठिवली, आमाला यायचं व्हतं. तर म्हनला, अरं सरकारचं काम हाय, माझ्या हातात काय.

अकराच्या ठोक्याला सायब आलं. यशवंतरावानं फेटा नवा बांधला व्हता. पुढं त्याची भावकी, मागं आमी बाया. त्यानं मान वळवून मोजलं, आन् मला बगून असा हासला जसा आईला हासला व्हता. मी तोंडाला पदर लावून बसले. त्याला वाटलं रडतेय. सायबानं वही उघडली, यादीचं पहिलं पान वाचाया घेतलं, आन् वड्याच्या अंगानं घंट्या वाजाया लागल्या. एक न्हाई, दोन न्हाई, आख्खा रस्ता. चावडीम्होरं सायकली लावाया जागा पुरंना, एकीवर एक टेकवून ठिवल्या. पोरं डबे काखंत घिऊन मागं येऊन हुबी ऱ्हायली.

यशवंतरावाचं तोंड पांढरं फटफटीत. भिवाला इचारतोय, कंपनी का सोडली रं. भिवा म्हनला, तात्या, आज गुरुवार नव्हं का, सुट्टी हाय. मग त्यो सायबाला म्हनाया लागला, माझ्या पोटात कळ येतीय, सभा तहकूब करू. सायब म्हनलं, सरपंच, वार तुमीच मागून घेतला, पोट दुखत असंल तर बसून घ्या.

माझी हरकत सायबानं सोता वाचली. कोन सरूबाई? मी हुबी ऱ्हायले. पदर खोचला. म्हनले, सायब, गोठा मोजा. टेप घिऊन समदी माडीत. सायबानं खालची बैठक मोजली, पलंग मोजला, जिना मोजला, आन् इचारलं की गुरं कुठं बांधता? मागनं कुनीतरी म्हनलं, वरच्या मजल्यावर. इतकी मानसं हासली, जोती. आई हासली व्हती तवाची समदी हासनारी त्यात व्हती. त्या हासन्यात यशवंतराव एकटाच हुबा व्हता आन् त्याला बी हासावं लागलं. त्येच मला बगायचं व्हतं. मी डोळं भरून बगितलं.

मतं झाली. आमच्या बाजूनं ब्याण्णव हात, त्याच्या बाजूनं एकतीस. पत्र्याची घरं ‘साधी’ झाली. माडी ‘दोन मजली, पक्की’ झाली, मागची चार वर्सं धरून. आन् सायबानं सांगितलं की चुकीच्या यादीवर केल्याली जप्ती परत करा, हंडा ज्याचा त्याला द्या.

दुपारी चावडीचा शिपाई भैरू हंडा घिऊन दारात आला. मी दारातनंच परत धाडला. म्हनले, ज्या हातानं नेला, त्या हातानं यिऊ दे. तुला वाटंल मला आता दया आली असंल. न्हाई आली. रातीला चार वर्सांत पहिल्यांदा गाढ झोपले.

तुझी,
अक्का


पिंपरी
२८ नोव्हेंबर १९७८

आदरणीय अक्कास,
स. जयभीम.

तुझं पत्र कँटीनमध्ये मोठ्यानं वाचलं. पलंग मोजल्याचं तीनदा वाचायला लावलं. कौतुक आता पुरे, एक काळजी लिहितो.

हंडा भैरूच्या हातून घे. ताणू नकोस. हरलेला माणूस जखमी रेड्यासारखा असतो, आणि तुला त्याच गावात राहायचंय. मी इकडं सुरक्षित बसून हे लिहितो, म्हणून जास्तच लिहितो. जिरवायची होती ती जिरली. आणि परत सांगतो, कार्डाची गोष्ट पोटात ठेव. गावात चर्चा आहे की सुट्टीचं कंपनीनं ऐनवेळी परत फिरवलं. असू दे तशीच चर्चा. यशवंतरावाला आपण काय केलं ते कळलं नाही, यातच आपला पुढचा फायदा आहे.

हंडा आला की नुसतं ‘आला’ एवढं कळव.

तुझा,
जोती


(पोस्टकार्ड, पहिले)

उंबरओढे, ३ डिसेंबर १९७८

प्रिय जोतीस,
स. जयभीम. हंडा आला. तू ‘आला’ एवढंच लिव म्हनलास, पन माझं भागत न्हाई, म्हनून दोन कार्डं घेतली.

काल दिसाउजेडी यशवंतराव सोता आला. सायबाचा कागद आला व्हता, मुदतीत हंडा न दिल्यास सरपंचावर ठपका, आन् मी भैरूला तीनदा परत धाडला व्हता. चावडीपासनं वस्तीपातूर खांद्यावर हंडा घिऊन आला. बाया दारात हुब्या व्हत्या. हंड्यावर जप्तीचा नंबर रंगवल्याला, बरोबर आईच्या नावावर. मी म्हनले, ठिवा खाली. मग त्यानं खिशातनं कागद काढला आन् इचारलं, पावतीवर सही पायजे, सही येती का तुला. बाकीचं दुसऱ्या कार्डावर.

(पोस्टकार्ड, दुसरे)

मी सही केली. आख्खं नाव लिवलं, सरूबाई, आन् त्याच्याम्होरं आईचं. मग त्याच्याकडं बगून एवढंच बोलले: “माझ्या आईला वाचाया येत नव्हतं, म्हनून हंडा गेला. तुमाला वाचाया येतं, म्हनून परत आला.”

त्याला उमगलं न्हाई. खुळ्यावानी बगत हुबा ऱ्हायला, मग कागदाची घडी घालून गेला. मी चिंचंनं हंडा घासला. नंबर गेला, नाव दिसाया लागलं. मी बोट फिरवलं.

तू म्हनलास त्याला कळू दिऊ नकोस. चार वर्सांनी काय करायचं ते चार वर्सांनी बगू, तवा पोरांना रजा मागायची गरज ऱ्हानार न्हाई, सुट्टी गुरुवारची असती ह्ये आता सायबालाबी कळलंय, पोरं गुरुवारच मागून घेतील. पन त्याला कळलंच न्हाई तर मी जितले कशी? आई हासली ती कळून हासली व्हती. तवा त्याला बी कळाया पायजे, की सुट्टी कवाच बदलली नव्हती, आन् तुझं त्ये कार्ड माझ्यासाठी नव्हतं. ह्ये बी न्हाई.

बबनराव, वाचून झालं की यशवंतरावांनाबी वाचून दाखवा, आन् मग ठसा मारून म्होरं धाडा.

सरूबाई